कॉम्प्युटर घ्यायचाय, पण कागदावर काय लिहायचं?

विंडोज १० बंद झाल्याची बातमी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे अर्धवटच पोचली. गेल्या दिवाळीच्या सुमारास शेजारच्या गावातल्या एका संस्थेचे सचिव माझ्या क्लासवर आले. बसायच्या आधीच विचारलं, "भाऊ, आमचे चारही कॉम्प्युटर आता सुरूच होत नाही म्हणते. नवे घ्या लागते काय जी?" हातात तीन कोटेशनं होती. तीन दुकानांची तीन लेटरहेड, तीन शिक्के, आकड्यांत हजार-दीड हजाराचा फरक, आणि तिन्हींवर मजकूर अक्षरशः एकच: "कॉम्प्युटर सेट आय-फाइव्ह, ८ जीबी, ५०० जीबी, कलर प्रिटंर, यूपीएससह." प्रिंटरचा अनुस्वार तिन्ही कागदांवर एकाच चुकीच्या अक्षरावर बसला होता. म्हणजे तिन्ही कोटेशनं कुठे टाइप झाली, हे वेगळं सांगायला नको.

मी मशिनी विकत नाही, शिकवतो. म्हणून असेल, पण सोसायटी, शाळा, वाचनालय, शेतकरी उत्पादक कंपनी यांतलं कोणी ना कोणी खरेदीच्या आधी माझ्याकडे येतं. खरं तर बहुतेक जण खरेदी उरकल्यावरच येतात, वरातीमागून घोडं. त्या सगळ्यांना जे सांगतो, ते इथे एकदा नीट लिहून काढतो.

आधी त्या बातमीचं काय ते पाहू

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्याने मशीन बंद पडत नाही. कालपर्यंत चालणारी वही, हिशोब, प्रिंट, सगळं आजही चालतं. थांबलं ते सुरक्षेचं डागडुजीचं काम.

शेताच्या कुंपणाला रोज कुठे ना कुठे फट पडते आणि रानडुकरं नेमकी तीच शोधतात, हे आपल्याकडे कोणाला समजावायची गरज नाही. आतापर्यंत कंपनीचा माणूस दर महिन्याला फिरून फटी बुजवत होता. आता तो येणार नाही. कुंपण उभं आहे, पीकही उभं आहे, फक्त यापुढे पडलेली फट तशीच राहणार. ज्या मशीनवर इंटरनेट नाही, नुसती पत्रं टाइप होतात, तिथे घाई नाही. पण ज्या मशीनवर सभासदांची खाती आहेत, नेट बँकिंग होतं, आधार क्रमांक साठवलेले आहेत, तिथे हे चालायचं नाही. पैसे भरून संस्थांना आणखी तीन वर्षांपर्यंत ही डागडुजी मिळते, पण ती दर वर्षी महाग होत जाते. लहान संस्थेला तो सौदा परवडत नाही, असं माझं मत.

मशीन योग्य असेल तर विंडोज १० वरून ११ वर जाणं फुकट आहे. योग्य म्हणजे काय? प्रोसेसर साधारण २०१८ नंतरचा, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सोय. टीपीएम म्हणजे मशीनच्या आतली एक छोटी तिजोरी, तिच्यात कुलपांच्या किल्ल्या राहतात. यातलं काहीच तपासता येत नसेल तर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट ॲप टाकावं, ते हो किंवा नाही सांगून मोकळं होतं.

सचिवांच्या चारपैकी दोन मशिनींना 'हो' आलं. चार नव्या घ्यायला निघालेली संस्था दोनवर आली. माझा त्यात दहा मिनिटांचा वेळ गेला आणि त्यांनी पाजलेला एक चहा झाला.

डब्यात असतं तरी काय

कॉम्प्युटरची जाहिरात वाचताना तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात: प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क. हे तिन्ही जिनिंगमध्ये उभं राहून समजून घेतलं तर सोपं जातं. कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र म्हणजे प्रोसेसर. यंत्रासमोरचं आवार, जिथे चालू खेपेचा कापूस ओततात, ती रॅम. आणि मागचं गोडाऊन म्हणजे साठवण, हार्ड डिस्क किंवा एसएसडी.

आता हंगामातली गर्दी डोळ्यासमोर आणा. यंत्र कितीही दणकट असो, आवार लहान असेल तर गाड्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या राहतात. हिशोबाचं सॉफ्टवेअर, ब्राउजरच्या दहा खिडक्या आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी उघडलं की ४ जीबी रॅमचं हेच होतं. कागदावर विंडोज ११ ला ४ जीबी पुरतात, प्रत्यक्षात ८ च्या खाली जाऊ नये, आणि पाच वर्षं वापरायचं असेल तर १६ घेतलेली बरी.

गोडाऊनची गोष्ट वेगळी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई पुढे-मागे सरकत माहिती शोधते. जणू अंधाऱ्या गोडाऊनमध्ये एकटा हमाल कंदील घेऊन फिरतोय. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, हवी ती गाठ लगेच हातात येते. सकाळी बटण दाबून चहा पिऊन आलं तरी मशीन गोल गोलच फिरत असेल, तर दोष बहुधा प्रोसेसरचा नसून त्या तबकडीचा असतो. म्हणूनच कोटेशनमधली '५०० जीबी' ही अर्धी माहिती आहे. ५०० जीबीची तबकडी आणि २५६ जीबीची एसएसडी यांत मी डोळे मिटून एसएसडी निवडेन. सोसायटीचा दहा वर्षांचा हिशोब काही जीबींत मावतो. मोठं गोडाऊन हवंय कोणाला?

सचिवांच्या त्या दोन मशिनींना आम्ही एसएसडी आणि जादा रॅम बसवली. २०२५ च्या शेवटापासून रॅम बरीच महागली आहे. एआयच्या मोठाल्या डेटा सेंटरांनी जगभरची रॅम उचलायला सुरुवात केली, त्याची झळ दारव्ह्यापर्यंत आली. तरीही नव्या मशीनपेक्षा हे काम कितीतरी स्वस्तात झालं.

'आय-फाइव्ह' ऐकलं की थांबा

'आय-फाइव्ह आहे ना, मग झालं' हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं असेल, मोजलं नाही. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेल कंपनीची वर्गवारी. ती एकाच पिढीत तुलना करायला ठीक आहे. पण पिढ्याच वेगळ्या असतील तर? २०१३ चाही आय-फाइव्ह आहे आणि २०२२ चाही आहे. ट्रॅक्टर म्हणजे ट्रॅक्टरच, पण पंधरा वर्षं वापरलेला आणि शोरूममधला यांना एका भावात कोण तोलतं?

पिढी ओळखायची खूण सोपी आहे. पूर्ण नंबर मागा. 'आय५-४५७०' असेल तर रेघेनंतरचा ४ म्हणजे चौथी पिढी. 'आय५-१२४००' असेल तर १२, म्हणजे बारावी. नंबर चार आकडी असेल तर पहिला आकडा, पाच आकडी असेल तर पहिले दोन. फक्त लॅपटॉपचा चार आकडी नंबर १ ने सुरू होत असेल तर तिथेही पहिले दोन. आता गंमत पाहा: बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री, म्हणजे आय३-१२१००, चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हला सहज मागे टाकतो. शिवाय ती चौथी पिढी विंडोज ११ च्या यादीतच नाही. इंटेलने २०२३ च्या शेवटी नव्या मशिनींसाठी 'कोअर अल्ट्रा' असं वेगळं नामकरण सुरू केलं, आणि एएमडी कंपनीची 'रायझन' मालिका वेगळी, त्यामुळे गोंधळ वाढलाच आहे. पण नियम तोच: पूर्ण नंबर कागदावर हवा, आणि तो प्रोसेसर बाजारात कधी आला ते साल हवं. दुकानदार 'लेटेस्ट आहे साहेब' म्हणाला की तेवढंच लिहून द्यायला सांगा. बरेच जण तिथेच सांभाळून बोलू लागतात.

सगळा खेळ मागणीच्या कागदाचा

कोटेशन मागवायची आपली पद्धत अशी: तीन दर मागवा, कमी दर त्याला काम. सरकारी भाषेत त्याला एल-वन म्हणतात, सगळ्यात खालचा दर. पद्धत वाईट नाही. पण ती तेव्हाच खरी ठरते जेव्हा तिघांनी एकाच वस्तूचा दर दिलेला असतो. 'बियाणं एक थैली' एवढंच लिहून दर मागवला तर सगळ्यात स्वस्त थैली कोण देईल? ज्याच्याकडे उगवण कमी आहे तोच. मागणी जितकी मोघम, तितका जुना माल टिकवून ठेवलेल्या दुकानदाराचा फायदा. प्रामाणिक माणूस तिथे हरतो, कारण तो नव्या पिढीचा भाव लावतो. ही चूक दुकानदाराची नाही, कागद लिहिणाऱ्याची आहे.

म्हणून दुकानात जायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर मशीनचं नावही न लिहिता कामं लिहा. कोण बसणार, काय करणार, एका वेळी किती जण, महिन्याला किती पानं छापणार, कोणतं सॉफ्टवेअर चालवायचंच आहे. पीक ठरलं की अवजार ठरतं. आधी सॉफ्टवेअर नक्की करायचं, त्याला काय लागतं ते त्या कंपनीकडून लेखी घ्यायचं, आणि मग मशीन. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. ३१ मार्चच्या आत निधी संपवायचा म्हणून चार मशिनी येतात, आणि जूनमध्ये कोणीतरी विचारतं, 'यावर आता करायचं काय?'

त्या कामांवरून मागणीपत्र करा. प्रोसेसर अमुक पिढीचा किंवा त्यापुढचा, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, मूळ परवान्यासह विंडोज ११, तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी, माल पोचता, दर १८ टक्के जीएसटीसह. बस, एवढं लिहिलं तरी निम्मं काम झालं.

"पण कंपनीचं नाव लिहिलं तर ऑडिटमध्ये अडकतो ना?" हो, आणि लिहायची गरजही नाही. गुण लिहायचे, नाव नाही. 'अमुक किंवा त्याहून सरस' हे शब्द असले की कोणालाही दर भरता येतो आणि कोणालाही फसवता येत नाही. सरकारी कार्यालयांसाठी ९ ऑगस्ट २०१६ पासून जेम नावाचं ऑनलाइन खरेदीचं पोर्टल आहे. तिथे मालाचे गुण ठरावीक रकान्यांत भरावे लागतात, त्यामुळे मोघमपणाला जागा कमी उरते. १ जून २०२२ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सहकारी संस्थांनाही तिथून खरेदी करायला मान्यता दिली, सुरुवात मोठ्या संस्थांपासून झाली. गावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांचं वेगळं: त्यांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने २९ जून २०२२ ला मंजूर केली, तेव्हा देशभरातल्या ६३,००० सोसायट्या आणि २,५१६ कोटींचा खर्च धरला होता. तुमची सोसायटी त्या यादीत असेल तर सभासदांच्या पैशातून दुसरा संच घ्यायच्या आधी जिल्हा बँकेत एक फेरी मारून या.

वॉरंटीच्या एका शब्दावर पण लक्ष असू द्या. 'ऑनसाइट' म्हणजे माणूस तुमच्या दारात येणार. 'कॅरी-इन' म्हणजे डबा उचलून तुम्हीच सर्व्हिस सेंटरला न्यायचा. यवतमाळहूनच नागपूर दीडशे किलोमीटर आहे. एसटीत मांडीवर कॉम्प्युटर घेऊन गेलेला शिपाई मी पाहिला आहे. मदरबोर्डचं काम होतं, 'आठ दिवसांनी या' असं ऐकून तो रिकाम्या हातांनी परत आला. पुढच्या वेळी त्या शाळेच्या कागदावर 'ऑनसाइट, संस्थेच्या गावी' असे शब्द आले.

'विंडोज टाकून देतो', आणि त्याची किंमत

कोटेशनमध्ये कधी कधी 'विथ डॉस' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मशीनमध्ये विंडोज नाही, नावापुरती एक जुनाट प्रणाली आहे. म्हणून ते काही हजारांनी स्वस्त दिसतं. मग दुकानदार म्हणतो, 'काळजी नको, विंडोज टाकून देतो.' तो जे टाकतो त्याला बाजारात क्रॅक म्हणतात, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली प्रत.

"पण सगळेच तर तेच वापरतात!" खरं आहे. आणि सगळे वापरतात म्हणून ते कायदेशीर होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर माहीत असून वापरलं तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड अशी तरतूद आहे. धंदा-व्यवसायासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. पण गावात कोण येतं तपासायला, असं म्हणणाऱ्यांना मी कायद्यापेक्षा दुसरी भीती दाखवतो. कुलूप तोडणाऱ्याने आत काय ठेवलंय, हे तुम्हाला कळतच नाही. ज्या मशीनवर सभासदांच्या ठेवी मांडता, तिची किल्ली कोणा अनोळखी माणसाने बनवली आहे. घरच्या कपाटाला आपण असं करतो का?

पैसे खरंच नसतील तर सरळ मार्ग आहेत. पत्रं, तक्ते आणि सादरीकरणासाठी लिबरऑफिस फुकट मिळतं, आणि ते कायद्याने फुकट आहे. विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स प्रणालीही फुकट. सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स प्रणाली काढली आहे. वाचनालयाच्या वाचन कक्षात मुलांसाठी ठेवलेल्या मशीनवर मी लिनक्सच सुचवतो. पण हिशोबाच्या टेबलावर नाही. तुमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर तिथे विंडोज विकतच घ्यावं लागेल. तत्त्वाचा आग्रह धरून क्लार्कला छळण्यात अर्थ नाही.

परवान्यांतही प्रकार आहेत. नव्या मशीनबरोबर येणारा परवाना बहुधा त्या मशीनलाच बांधलेला असतो, मशीन गेली की तोही गेला. काही सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यायचं असतं, काहींचं दर वर्षी भाडं असतं. टॅलीसारख्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका मशीनचा परवाना वेगळा आणि अनेकांनी एकत्र वापरायचा वेगळा. 'आजीवन' हा शब्द दिसला की विचारायचं: कोणाचं आजीवन, आणि अपडेट किती वर्षं?

मराठीची एक जुनी जखम

हे मात्र जरा सावकाश सांगतो, कारण इथे माझ्या परिचयातल्या एका शाळेचे दहा वर्षांचे निकाल अडकले होते.

जुन्या मशीनवरच्या मराठी फाइली नव्या मशीनवर उघडल्या की कधी कधी अगम्य इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. फाइल बिघडली असं लोकांना वाटतं. बिघडलेली नसते. जुन्या फॉन्टांनी एक युक्ती केली होती: आत इंग्रजी अक्षर साठवायचं, आणि पडद्यावर त्याच्या जागी मराठी चित्र दाखवायचं. कृतिदेव फॉन्टमध्ये 'काम' हा शब्द टाइप केला की मशीनच्या पोटात डी, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं जातात. फॉन्ट आहे तोवर 'काम' दिसतं, फॉन्ट काढला की डी-के-ई उरतं. गणपतीचा मुखवटा काढला की खाली दुसराच कोणी निघावा, तसं.

युनिकोडने हे संपवलं. तिथे 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५, आणि तो जगातल्या प्रत्येक मशीनवर, प्रत्येक मोबाइलवर 'क' च असतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तरी आजही नव्या सॉफ्टवेअरच्या प्रात्यक्षिकात मराठी छान दिसते आणि आत मुखवटाच असतो. तपासायची रीत अशी: त्या सॉफ्टवेअरमधलं एक मराठी नाव कॉपी करा आणि स्वतःच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपला पाठवा. मराठीच दिसलं तर युनिकोड. कचरा दिसला तर नमस्कार करून उठा.

त्या शाळेचे निकाल शेवटी फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रामने सुटले, पण जोडाक्षरं फुटली आणि 'श्री' च्या जागी काहीतरी भलतंच आलं. शाळेतल्या बाईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून हाताने दुरुस्त केलं.

याच जखमेचा मोठा भाऊ म्हणजे सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात अडकलेला डेटा. एका गावच्या पतसंस्थेला कोणी ओळखीतल्या मुलाने सॉफ्टवेअर करून दिलं, पाच वर्षं सुरळीत चाललं, मग मुलगा पुण्याला नोकरीला गेला. फोन उचलायचा थांबला. आतली माहिती बाहेर काढायची सोयच त्यात नव्हती. म्हणून करारात हे शब्द हवेतच: सर्व माहिती संस्थेच्या मालकीची, आणि मागितल्यावर ती एक्सेलसारख्या साध्या फाइलमध्ये द्यावी. नुसतं लिहून चालत नाही. विकत घेण्याआधीच समोर बसून एकदा काढून दाखवायला सांगा. सचिवांनी तसं विचारलं तेव्हा एक विक्रेता म्हणाला, "त्याची काय गरज पडते साहेब?" सचिवांनी तिथेच वही मिटली. मला त्या दिवशी बरं वाटलं.

आपली वीज, आपला मे महिना

पुण्या-मुंबईच्या लेखांत हा भाग दोन ओळींत संपतो. आपल्याकडे तोच मुख्य आहे. वीज जाते, येताना झटका देऊन येते, पावसाळ्यात वीज कडाडली की तारेतून आत शिरते, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे तर त्याहून वर.

यूपीएस घेताना डब्यावर '६०० व्हीए' लिहिलेलं असतं. तो आकडा वॅटचा नाही. अशा लहान यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॅट धरा. आत बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते, म्हणजे गुणाकाराने ८४ वॅट-तास, आणि त्यातले सगळे वापरता येत नाहीत. एक मशीन, एक मॉनिटर एवढ्याला नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटं. काम जतन करून नीट बंद करायला तेवढी पुरतात. दिवसभराच्या लोडशेडिंगला नाही. तासन्‌तास वीज जात असेल तर लॅपटॉप घ्या, त्याच्या पोटातच यूपीएस असतो.

शिशाची बॅटरी २५ अंशांना सुखात असते. त्यापुढे दर १० अंशांना तिचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. पश्चिमेच्या भिंतीला टेकवून टेबलाखाली ठेवलेला यूपीएस दीड वर्षातच का मरतो, त्याचं उत्तर या वाक्यात आहे. जागा बदला, आणि बजेटात दर दोन-तीन वर्षांनी नवी बॅटरी आधीच धरा.

लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच जोडू नका. शाईची पावडर कागदावर भाजून बसवायला त्यात हीटर असतो, सुरू होताना तो इतकी वीज ओढतो की लहान यूपीएस किंचाळून बंद पडतो. आणि या सगळ्याच्या आधी अर्थिंग. शाळेतल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात, ती त्याचीच खूण. चांगला वायरमन बोलावून खड्डा करून घ्या. लाखाच्या मशिनींना काही हजारांचं अर्थिंग करायला माणसं कुरकुरतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

प्रिंटरवर फार बोलत नाही

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण प्रिंटरसाठीच जन्मली असावी. समजा, प्रिंटर ४ हजारांचा आणि ८०० रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये २०० पानं, म्हणजे पानाला ४ रुपये. महिन्याला हजार पानं छापणाऱ्या कार्यालयात वर्षाला ४८ हजारांची नुसती शाई! किंमत विचारू नका, पानाचा खर्च विचारा. सात-बारा, पावत्या, पत्रं छापायची असतील तर काळा-पांढरा लेझर. त्याची टोनर कार्ट्रिज गावात रिफिल होते का ते पाहा. एचपी कंपनीची १२ए कार्ट्रिज आपल्याकडे इतकी वर्षं का टिकली, तर तालुक्याला तिची पावडर भरणारा पोरगा होता म्हणून. रंगीत काम खूप असेल तर शाईची टाकी असलेला प्रिंटर घ्या, पण तो आठ-आठ दिवस बंद ठेवला की नळ्या सुकतात. पासबुक छापायचं असेल तर पासबुकचाच प्रिंटर लागतो, त्याला पर्याय नाही.

"एवढे पैसे आणायचे कुठून, भाऊ?"

हा आक्षेप खरा आहे, थट्टेचा नाही. पण हिशोब पाच वर्षांचा मांडावा. एखादं मशीन रोज दहा मिनिटं वाट पाहायला लावत असेल, तर वर्षाच्या २५० कामाच्या दिवसांत २,५०० मिनिटं जातात, म्हणजे एकेचाळीस तासांहून जास्त. एका माणसाची पाच दिवसांची हजेरी. ते पैसे कोणत्याच पावतीवर दिसत नाहीत, म्हणून कोणी धरत नाही.

आयकराच्या हिशोबात कॉम्प्युटरवर दर वर्षी ४० टक्के घसारा मिळतो. ४५ हजारांचं मशीन तीन वर्षांत पुस्तकात ९,७२० वर येतं. कायदाच याला नाशवंत माल समजतो, मग आपण त्याला तिजोरीसारखं पंचवीस वर्षं टिकवायला का जावं? शेतकरी कंपन्यांच्या अकाउंटंटसाठी एक गोष्ट: वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर पहिल्या वर्षी घसारा अर्धाच मिळतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या खरेदीचा हा आणखी एक तोटा.

वापरलेली मशीन घ्यायलाही माझी हरकत नाही. मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेल्या चांगल्या मशिनी बाजारात मिळतात. अट एवढीच की आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचं हवं, वर्षभराची वॉरंटी लेखी हवी, आणि बिलावर 'वापरलेले' असा शब्द हवा. जुनं जुनं म्हणून घ्यावं. नव्याच्या भावात जुनं आलं, की मग डोळ्यांत पाणी.

आणि उलटी चूकही होते. दोन पत्रं टाइप करणाऱ्या ग्रामपंचायतीत गेमिंगचं मशीन आलेलं मी पाहिलं आहे, आतून निळे-लाल दिवे लागायचे. नाकापेक्षा मोती जड. सरपंचांचा मुलगा मात्र खूश होता.

माल आला त्या दिवशी

डबे उघडताना समिती हजर हवी, आणि तिच्या हातात मागणीपत्र. बिलावरचा सिरियल नंबर मशीनच्या पाठीवरच्या नंबराशी जुळवा. मग तोच नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहा. सहा महिने आधीची तारीख दिसली तर माल दुकानात पडून होता, किंवा आधी कोणाकडे तरी गेला होता. सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसर, रॅम, एसएसडी प्रत्यक्ष वाचा. बॅकअपसाठी बाहेरची एक हार्ड डिस्क त्याच दिवशी सुरू करा. ती रात्री सचिवांच्या घरी जावी, त्याच टेबलाच्या खणात नको. आग लागली तर दोन्ही जातील.

सचिवांच्या संस्थेत हे सगळं गेल्या महिन्यात झालं. दोन नवी मशीन, दोन सुधारलेली जुनी. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या वहीत, नोंद झाली. ज्या दोन मशीन निघाल्या, त्यांची निर्लेखनाची, म्हणजे वहीतून नाव काढायची, फाइल अजून फिरते आहे. त्यांच्या हार्ड डिस्क मात्र आम्ही आधीच काढून घेतल्या, कारण भंगारवाल्याच्या गाडीत सभासदांची खाती जायला नकोत. कपाटात खाकी पाकिटात आहेत, पाकिटावर पेनाने लिहिलंय: 'जुना डेटा, फेकू नये.' आणि त्याखाली दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात: 'हा कोनाचा?'